अठरा पायऱ्या आणि एक दिवा

स्कूटरच्या वळणाचा दिवा. पिवळी काच, कडेला टवका.

"ट्रान्झिस्टर धाकटीला दे." पेन्सिलीने, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे.

अठरा पायऱ्या. बारावी कुरकुरते.

ज्याला आवाज राहिलेला नाही, तो हसताना गुडघ्यावर थाप मारतो.

कीबोर्डावरची सगळ्यात लांब पट्टी.

"विझला?"
"विझला."

तीन पायांची वस्तू कधी डुगडुगत नाही.

*

आता हे सगळं एका ओळीत लावायचं, तर खालच्या दुकानापासून सुरुवात करावी लागेल.

दुकान दुरुस्तीचं. खाली दुकान, वर घर. सासरे चाळीस वर्षं त्या टेबलाशी बसले. थोरला मुलगा हाताखाली घ्यायचा बेत होता, पण तो पेचकस धरायचा तेव्हा पेचालाही कीव यायची. मग लग्न होऊन आलेली थोरली सून एकदा डबा द्यायला खाली आली, आणि सुटलेली तार धरून उभी राहिली, ती बावीस वर्षं उभीच. "हात चांगला आहे तुझा," सासरे म्हणाले होते. एकदाच. त्या एका वाक्यावर थोरलीने बावीस वर्षं काढली.

दुकानाची स्वतःची भाषा होती. वीज अडवणारा तो रंगीत पट्ट्यांचा तुकडा म्हणजे 'काडी'. साठवणारी ती 'डबी'. आणि ट्रान्झिस्टर, म्हणजे मधल्या पायाला चिमटा काढला की बाकीच्या दोन पायांतून धोधो वीज सोडणारा तो वाटाण्याएवढा भाग, ती 'तिपाई'. "दुसरी तिपाई गेलीय बघ." "तिपाई गरम होतेय." ही भाषा दोघांचीच. ट्रान्झिस्टर हा शब्द दुकानात फक्त गिऱ्हाईक वापरायचं, आणि गिऱ्हाईकाचा ट्रान्झिस्टर म्हणजे अख्खा रेडिओ.

तसा एक ट्रान्झिस्टर टेबलामागच्या फळीवर होता. सासऱ्यांचा स्वतःचा. कातडी कव्हर, पुढे बारीक भोकांची जाळी, बटणाचा एक दात तुटलेला. त्याला कुणी हात लावायचा नाही. थोरली मात्र रोज सकाळी फडक्याने पुसायची, आणि पुसता पुसता तिने तो मनातल्या मनात आपल्या नावावर करून टाकला होता. मागितला नव्हता कधी. मागून काय, कुणालाही मिळतं. न मागता मिळायला हवा होता.

पाच महिन्यांपूर्वी सासऱ्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, भोकात नळी, श्वास त्यातून. आवाज गेला तो गेलाच. तेव्हापासून ते चिठ्ठ्या लिहितात.

आणि आठ महिन्यांपूर्वी घरात धाकटी सून आली.

*

चिठ्ठी: "चहा फार गोड. तरी चांगला."

हा चहा धाकटीने केलेला होता. थोरलीने तो चहा बावीस वर्षं बेताच्या साखरेचा केला, त्यावर एकही चिठ्ठी नाही. (तेव्हा आवाज होता, हे खरं. पण आवाजानेही काही म्हटलं नव्हतं.)

थोरली त्यांना मामंजी म्हणायची, अदबीने, पदर सावरल्यासारखं. धाकटीने दुसऱ्याच दिवशी "बाबा" म्हणून टाकलं. धाकटी एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची, तोंड उघडं टाकून हसायची, आणि ऑफिसातून आली की चपला काढायच्या आधी सासऱ्यांच्या खोलीत डोकावायची. खाली थोरलीला वरून तिचं हसू ऐकू यायचं, आणि पाठोपाठ थप, थप. गुडघ्यावर. थोरलीला ती थाप आपल्या कानशिलावर बसल्यासारखी वाटायची.

"एवढं काय हसण्यासारखं असतं गं वर?" तिने एकदा विचारलं.

"काही नाही हो ताई. बाबा चिठ्ठीत चित्र काढतात. तुमचंपण काढलंय."

"माझं?"

"नाकावर चष्मा आणि डोक्यातून धूर."

थोरली हसली नाही. चित्र बघायलाही मागितलं नाही.

मग एका दुपारी सासरे न्हाणीघरात पडले. तांब्या फरशीवर आपटत राहिले. खाली थोरली एका मिक्सरची मोटर तपासत होती, मोटर बोंबलत होती. पाऊण तास. त्या दिवशी धाकटीच लवकर घरी आली आणि तिलाच ते सापडले. लागलं फारसं नव्हतं. जेवताना धाकटी म्हणाली, "बाबांना हाक मारता यायला हवी. काहीतरी करायला पाहिजे."

"मी बहिरी नाहीये," थोरली म्हणाली.

"तसं नाही ताई..."

"कसं?"

धाकटीने भात वाढून घेतला. 

*

कॉम्प्युटर जुना होता, धाकटीच्या ऑफिसने टाकून दिलेला. तिने तो सासऱ्यांच्या पलंगाशी मांडला. कीबोर्डाची लांब पट्टी दाबली की मागच्या खोबणीतल्या एका पिनेवर सिग्नल यायचा. त्या सिग्नलने एक दिवा लावायचा, म्हणजे झाली हाक. धाकटीने प्रोग्रॅम दोन संध्याकाळी लिहिला. पिनेवर सिग्नल आहे, हे मीटर सांगत होतं. दिवा काही लागत नव्हता. पिनेवर व्होल्ट भरपूर, पण अंगात जोर नाही; हाक मारेल, ओझं उचलणार नाही.

हे थोरलीला कुणी सांगितलं नाही. तिला तिच्या नवऱ्याकडून कळलं, तेही उडत उडत.

"दिवा लावतायत म्हणे वर. तुझ्या पोटात का दुखतंय?"

"माझ्या पोटात काही दुखत नाही."

"मग जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिठ्ठी आली. थोरली नाश्त्याची ताटली उचलायला गेली होती, धाकटी दारात केस विंचरत उभी होती. सासऱ्यांनी लिहिलं, पान फाडलं, थोरलीच्या हातात दिलं.

"ट्रान्झिस्टर धाकटीला दे."

थोरलीने दोनदा वाचलं. चार शब्दसुद्धा नाहीत. तिने ताटली उचलली आणि अठरा पायऱ्या उतरली. बारावी कुरकुरली. खाली येऊन ती फळीसमोर उभी राहिली. ताटली टेबलावर ठेवली, फडकं हातात आलं. सवयीने तिने रेडिओ पुसला, आणि पुसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण दुसऱ्याची वस्तू पुसतोय.

वर जाऊन तिने तो धाकटीच्या टेबलावर ठेवला. कव्हरसकट.

"घे."

धाकटी बघतच राहिली. "हा? अख्खा?"

"अख्खा."

"अहो ताई, मला एकच पुरला असता."

थोरलीला वाटलं, ही थट्टा करतेय. "एकच आहे तो," ती म्हणाली. "दुसरा नाही या घरात." आणि पाठ फिरवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते या बयेला दिसता कामा नये, एवढंच तिला त्या क्षणी कळत होतं.

*

दोन दिवसांनी थोरलीने रेडिओ पाहिला. पाठ काढून टेबलावर उताणा टाकलेला. आतल्या पाटीवर पाच तिपाया होत्या आणि सहावीच्या जागी तीन रिकामी भोकं, भोवती जळकट डाग.

"हे काय केलंस?"

"काढला ना त्यातला," धाकटी उत्साहात म्हणाली. "ह्याचे पाय सगळ्यांत लांब होते, म्हणून हा. बाकीचे पाच काळे, हा एकटा चांदीच्या टोपीचा. हे बघा, पिनेपासून मधल्या पायाला. मध्ये हा रेझिस्टर. खालचा पाय ग्राउंडला, वरचा दिव्याला. मी पुस्तकात बघून केलंय. बरोबर आहे ना? तुम्ही एकदा नजर टाका ना ताई."

थोरली त्या तीन भोकांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिने नजर टाकली. जोडणी बरोबर होती. नवशिक्याच्या हाताची, गोळे गोळे झालेली, पण बरोबर. मग तिने दिवा पाहिला. स्कूटरच्या वळणाचा दिवा, दहा वॅटचा.

आणि तिला सगळं कळलं. रेडिओतली तिपाई म्हणजे आयुष्यभर कुजबुज मोठी करून सांगणारी नाजूक बाई. तिच्या डोक्यावर हा हंडा द्यायचा म्हणजे ती क्षणभर उचलेल, मग आतल्या आत वितळून तिचे दोन पाय एकमेकांना चिकटतील. चिकटले की नळ कायमचा उघडा. कुणी हाक मारो न मारो, दिवा लागलेलाच.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"तुला सगळं येतं," थोरली म्हणाली.

"नाही हो..."

"येतं. दिवा कुठे बसवणार? तुझ्या खोलीत?"

"माझ्या खोलीत कशाला? मी दिवसभर ऑफिसात. खाली, तुमच्या टेबलावर."

हे थोरलीच्या हिशेबात नव्हतं. पण राग एवढा तापलेला होता की त्यावर हे चार थेंब वाफ होऊन उडाले.

*

चाचणी सकाळी नऊला. धाकटी वर, सासऱ्यांजवळ. थोरली खाली, टेबलाशी. जिन्यावरून खाली आलेली वायर, आणि टवका उडालेला पिवळा दिवा.

"दाबतायत हं बाबा!" वरून आवाज.

दिवा मिणमिणला. राखेतल्या निखाऱ्यासारखा. एक, दोन, तीन मोजेपर्यंत तसाच राहिला, आणि मग एकदम लख्ख झाला.

गिऱ्हाईक असतं तर टाळ्या पिटल्या असत्या. थोरलीला मात्र ते लख्ख होणं ओळखू आलं. तिपाई मेली.

"लागला?"

"लागला."

वर थप, थप, थप. गुडघा.

"आता सोडलं! विझला?"

दिवा पिवळाधमक जळत होता. थोरलीचं तोंड त्या उजेडात पिवळं झालं असेल. आरसा नव्हता म्हणून बरं. तिने मनाशी सगळं जुळवलं होतं. दुपारपर्यंत मामंजींना कळेल की याचा उपयोग नाही. ते चिठ्ठी लिहितील: हिचं चालत नाही, तू बघ. आणि आपण बघू.

"विझला?" धाकटीने पुन्हा विचारलं.

"विझला," थोरली म्हणाली.

धाकटी पायऱ्या धडधड उतरत ऑफिसला पळाली. दुकानाच्या दारातून तिने नुसता हात केला, आत आली नाही.

*

आता गंमत बघा. कायम लागलेला दिवा सांगतो काय? काहीच सांगत नाही, असं थोरलीला वाटलं होतं. पण तो तिच्या नाकासमोर होता, आणि तो एकच गोष्ट सांगत होता. मामंजी बोलावतायत. मामंजी बोलावतायत. मामंजी बोलावतायत.

खोटं आहे हे तिला माहीत होतं. पण त्या खोट्यातली एखादी खरी हाक तिला वेगळी काढता येत नव्हती.

साडेनऊला ती वर गेली. अठरा पायऱ्या. सासरे पेपर वाचत होते. चिठ्ठी: "काय?"

"काही नाही. सहज."

दहाला पुन्हा. झोपले होते. सव्वादहाला पुन्हा. अजून झोपलेले. दिव्यावर तिने फडकं टाकलं, तर फडक्यातून पिवळं दिसायला लागलं आणि कापड करपल्याचा वास आला. वायर उपटावी म्हटलं, तर हात होईना; उपटली आणि तेवढ्यात खरंच काही झालं तर? पावणेअकराला वर. चिठ्ठी: "पुन्हा?" सव्वाअकराला वर. चिठ्ठी नाही, नुसती भुवई. बाराला ती वर गेली तेव्हा सासऱ्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं: "गुडघे दुखतील. माझे नाही, तुझे."

सातव्या वेळी ती गेली नाही. स्पीकर घेऊन एक बाई आल्या होत्या, त्यांना घाई होती. थोरली त्यांच्याशी बोलत होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यात दिवा जळत होता. जळू दे मेला, तिने म्हटलं. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्याने.

"कोण?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही."

बाई गेल्या. वीस मिनिटं झाली असतील. थोरली हात पुसत वर निघाली. बाराव्या पायरीवर तिला आवाज आला. टक टक टक टक. लांब पट्टीचा.

सासरे पलंगाच्या कडेला वाकून बसले होते. ओठ निळसर. नळीतून शिट्टीसारखा बारीक आवाज. कफ वाळून आत अडकला होता. एका हाताने ते गळा धरत होते आणि दुसऱ्या हाताने पट्टी दाबत होते, दाबतच होते.

दवाखान्यात दोघी सुनांना शिकवलं होतं. थोरलीने आतली नळी फिरवून ओढली, ओली करून साफ केली, पुन्हा बसवली. तिचा हात चांगला होता. ते खोकले, एकदा, दोनदा, आणि मग हवा मोकळी आत गेली. थोरली जमिनीवरच बसली.

बऱ्याच वेळाने पेन्सिल चालली.

"लागला नाही?"

थोरलीने वर पाहिलं. इथे खोटं बोलता आलं असतं. नाही लागला, धाकटीचं काम कच्चं. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते वाक्य तिच्या तोंडाशी आयतं आलेलं होतं.

"लागलेलाच होता," ती म्हणाली. "सकाळपासून. विझलाच नाही. मी विझला म्हटलं."

म्हातारा दुरुस्तीवाला होता. त्यावर त्याने पहिली चिठ्ठी लिहिली ती अशी: "तिपाई चिकटली. कुठली घातली?"

"रेडिओतली."

"कुठल्या?"

"तुमच्या. तुम्हीच तर लिहिलंत, ट्रान्झिस्टर धाकटीला दे."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूच, थप. गुडघ्यावर. एकच. मग चेहरा कसनुसा झाला आणि ते लिहायला लागले, आणि या वेळी चिठ्ठी मोठी होती.

"रेडिओ नाही गं. तिपाई. ती दारात उभी होती. तिला तिपाई कळली नसती म्हणून तिच्या भाषेत लिहिलं. तुझ्याकडे डबाभर आहेत."

थोरलीने चिठ्ठी वाचली. तिने ती पुन्हा वाचली. चूक कळली म्हणून काही बरं वाटलं नाही. उलट एक नवाच काटा रुतला: आमची भाषा सोडून हे तिच्या भाषेत लिहायला गेले. तिला स्वतःचीच कमाल वाटली. माणूस आत्ता मरता मरता वाचलाय, आणि मी शब्द मोजतेय.

"आणि रेडिओ?" तिने तरी विचारलंच.

"फळीवर ठेव. तिथेच बरा दिसतो."

*

संध्याकाळी धाकटी आली. थोरलीने तिला दुकानातच गाठलं, शटर अर्धं ओढलं आणि सगळं सांगितलं. हातचं न राखता. दहा वॅटपासून निळ्या ओठांपर्यंत. धाकटी हसरी पोर, पण तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो."

"जोडायच्या आधी?"

"हो."

"ताई, बाबा गेले असते."

"हो."

"हो काय हो! काहीतरी बोला!"

"काय बोलू? माझ्या पोटात दुखत होतं. तू आल्यापासून दुखतंय."

धाकटी स्टुलावर बसली. बराच वेळ तिने टेबलावरच्या जळलेल्या तिपाईची टोपी नखाने टोकरली. "मी रेडिओ फोडला तेव्हा तुम्ही ओरडायला हवं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही शिकायला दिलाय. मी किती खूश झाले होते. ह्यांना सांगितलं, ताई मला शिकवणार म्हणून."

 थोरलीने तिपायांचा डबा काढला, उपडा केला, बोटाने चाळला. पाठीला पत्रा असलेली एक निवडली. "ही घे. आतून दोन आहेत, एका अंगात. एकीने हाक ऐकायची, दुसरीने ओझं उचलायचं."

धाकटीने ती उजेडात धरली. "आणि उलटा डायोड हवा," ती कोरडेपणाने म्हणाली. "बंद असताना पिनेवर शून्य नसतं. उणे बारा असतं. मधल्या पायाला ते सोसणार नाही. मी पहिल्या वेळी विसरले होते."

हे थोरलीला माहीत नव्हतं. बंद म्हणजे शून्य, असंच ती बावीस वर्षं धरून चालली होती. "उणे?" तिने विचारलं.

"उणे."

डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा तो तुकडा, थोरलीने लावला. धाकटीने प्रोग्रॅम तपासला. मग एक खाली, एक वर.

"दाबलं!"

दिवा लागला. मिणमिण नाही, काही नाही. आला तो पूर्ण आला.

"लागला!"

"सोडलं! विझला?"

"विझला," थोरली म्हणाली. खरंच विझला होता.



"थांबा," धाकटीचा आवाज आला. "मीच खाली येऊन बघते."

बारावी पायरी कुरकुरली. धाकटी आली, दिव्याकडे पाहिलं, काचेला बोट लावलं. वरच्या मजल्याकडे तोंड करून ओरडली, "बाबा, पुन्हा!" लागला. विझला. लागला. विझला. सहा वेळा. थोरली बाजूला हात बांधून उभी होती. सहाव्या वेळेनंतर धाकटी वर गेली.

रेडिओ थोरलीने फळीवर ठेवला. पाच तिपाया, तीन भोकं, वर कव्हर.

त्या रेडिओतली चांदीच्या टोपीची सहावी तिपाई मूळची नव्हती. मूळची काळी तिपाई बावीस वर्षांपूर्वी, कामाला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी, थोरलीने जाळली होती. तिच्या जागी ही चांदीची सासऱ्यांनी बसवली होती, न ओरडता.